बाह्या

अक्कलकोट रोडच्या कारखान्यासाठी
मी आधी चादर लिहिली.
लांबी, रुंदी, ताणा, बाणा
आणि एकच कृती: घडी घाल.
चादरीपासून टॉवेल काढला,
टॉवेलपासून नॅपकिन.
नॅपकिन तर तीन ओळींत झाला,
बाकी सगळं वरून आलं.
दुडम शेठ म्हणाले, बेस झालं बघा.
मूळ वर्गाला आम्हीही बेसच म्हणतो.

मग बाथरोबची ऑर्डर आली, सहा हजार नग.
तेच सूत, तेच लूप, तोच रंगारी,
म्हणून मी त्याला टॉवेलच्या पोटी घातलं.

सोमवारी पॅकिंगला कागद निघाला:
बाथरोब. घड्या चार. बाह्या शून्य.
यल्लव्वा कागद घेऊन जिना चढून आली.
हसत नव्हती.
हात कुठं ठेवायचे ह्याचे?

मी चादरीलाच बाह्या दिल्या, शून्य शून्य.
मग पट्टा. मग टोपी.
वर जरा टाका घातला
की खाली नॅपकिन उसवायचा.

हा टॉवेल आहे.
ह्याला बाह्या आहेत.
आपली भाषाही अशी, दोन्हीकडे तेच 'आहे',
चुकलो कुठल्या 'आहे'त ते सापडत नाही.

रात्री विडी घरकुलात
नान्नांना विचारलं, तीनदा, ओरडून.
एकतीस वर्षं त्यांनी जेकार्डचे पुठ्ठे ठोकले:
भोक असेल तर दोरा उचल,
नसेल तर राहू दे.
कान मागांनी नेले.
म्हणाले, बाह्या कुठं विणतात गं?
बाह्या शिवतात.

त्यांच्याकडून मला आडनाव आलं,
घरातली तेलुगू, भोकं मोजायची खोड.
खाजगी म्हणून मांडलेलंही
वारशात येतंच, नियम तसा आहे,
फक्त हाताला लागत नाही.
गिरणी बंद पडली त्या उन्हाळ्यात
ते रोज डबा घेऊन निघायचे.
कुठं, ते माझ्यात कुठंतरी असेल.

सकाळी बाथरोब सुटा केला.
कुणाच्या पोटी नाही.
त्याच्याजवळ कापड ठेवलं, दोन बाह्या, एक पट्टा,
आणि घडी त्याची त्यानं.
यल्लव्वानं हात आत दुमडून दाखवले,
तसंच लिहिलं.

बाह्यांचे पैसे वेगळे देतात का,
नान्नांनी संध्याकाळी विचारलं.
हो म्हटलं.
ऐकू गेलं नसावं.