तीनची गाडी, आठचं हब

नाना पेठेत, भर दुपारी,
इलाही तांबोळी गोणपाटावर दोन हब ठेवतो.
एक आमचं, दोन हजार तीनचं.
एक आठचं, फुरसुंगीजवळ मागून ठोकलेल्या पिकअपचं.
"पुढचं सगळं कोरं आहे ताई, मार मागून बसलाय."
आत कोण होतं, हे मी विचारत नाही.
विचारते, बोल्ट किती?

पाच. तिकडेही पाच.
तो व्हर्नियर लावतो, एक डोळा मिटतो.
"स्पिंडल तेच. आतलं बेअरिंग वेगळं,
पण ते हबासोबतच येतंय, आपलं काय जातंय?
डिस्क मात्र दोन बोटं मोठी.
मोठी डिस्क घ्यायची तर कॅलिपर तिचाच, ब्रॅकेटही तिचाच.
नवरी आणायची आणि पेटी परत धाडायची,
असं नाही होत."

मी साडेचार हजार म्हणते.
तो चहा मागवतो.
म्हणजे सहा.

रोहिदास मागच्या चाकांना विटा लावतो, जॅक चढवतो.
जुन्या डाव्या डिस्कला कडेनं ओठ आलाय,
नख लावलं तर अडकतं.
उजवी जवळजवळ नवी.
इलाही उजव्या कॅलिपरला हातोडीनं दोनदा ठोकतो,
आणि माझ्याकडे बघतो.
"हा तर लागतच नव्हता. किती वर्षं?"

आप्पांच्या वेळेपासून.

क्लच शिकवायच्या आधी त्यांनी मला हे शिकवलं होतं:
ब्रेकवर पाय जायच्या आधी
स्टिअरिंग अर्धं बोट उजवीकडे.
दिवे घाटात, दुसऱ्या गिअरमध्ये,
मागे अंजिराचे क्रेट एकमेकांना ढुसण्या देत असताना,
अर्धं बोट. जास्त नाही.
डावीकडे ओढते ती, म्हणायचे,
स्वभाव आहे तिचा.

"स्वभाव नाही," इलाही म्हणतो. "पिस्टन."

मग ग्रीस, तळहातावर घेऊन बेअरिंगच्या पोटात दाबलेलं.
नट घट्ट, मग पाव फेरा माघारी.
पिन नवी. जुनी पिन वापरणाऱ्याला
तो एक शिवी देतो, माझ्याकडे पाठ करून.
रिम कॅलिपरला घासतंय का बघायला
कुणाची तरी लग्नपत्रिका मधल्या फटीत सरकवतो.
पत्रिका अडत नाही.
"झालं. एवढी फट पुष्कळ."

मी आत बसते, तो खाली.
दाब. दाब. दाब. धरून ठेव.
सोड.
दाब.
नळीतून आधी काळं येतं, मग चहासारखं,
मग बुडबुडे, मग नितळ.
पेडल आता वरच थांबतं, मधेच,
मला पाय कुठे ठेवावा कळत नाही.

पहाटे तीन. बासष्ट क्रेट.
घाटाच्या तिसऱ्या वळणावर खाली हडपसरचे दिवे,
समोर एक डंपर, त्याची एकच लाईट.
मी ब्रेक लावते.
गाडी सरळ थांबायला निघते,
रेषेसारखी सरळ,
आणि माझे हात तिला अर्धं बोट उजवीकडे नेतात.
पांढरा पट्टा चाकाखाली येतो.
हॉर्न. डंपरवाल्याचं तोंड, हलणारं, ऐकू न येणारं.
तो जातो.
क्रेट एकमेकांना ढुसण्या देऊन शांत होतात.

मार्केटयार्डात माल उतरवून झाल्यावर
मी रिकाम्या पार्किंगमध्ये गाडी नेते.
वीसच्या स्पीडनं येते, ब्रेक.
उजवीकडे.
परत. ब्रेक.
उजवीकडे.
बोटं सैल सोडून. ब्रेक.
थोडं उजवीकडे.

वॉचमन खुर्ची सोडून येतो,
हातातली बॅटरी चाकांवर मारतो,
वाकून खाली बघतो.
"गाडी बिघडलीय का ओ?"

नाही, मी म्हणते. नीट झालीय.
आणि परत मागे घेते.