बोहनी

न्नेवीच्या बाजारात, स्पेअर पार्टांच्या ओळीत,
आज माझ्या समोरचं शटर नव्यानं वर गेलं.
पाटीचा रंग ओलाच. ओबियाजुलु अँड सन्स.
सन्स अजून व्हायचेत. लग्नसुद्धा.

सात वर्षं होता माझ्याकडे.
आला तेव्हा पायात दोन वेगळ्या चपला.
पहिलं वर्ष झाडू, पाणी, माझ्या धाकटीला शाळेत सोडणं.
दुसऱ्या वर्षी चाळीस हजार नायरा
भलत्याच माणसाच्या हातावर ठेवून आला.
तीन दिवस मी बोललो नाही.
चौथ्या दिवशी गल्ल्याची किल्ली त्यालाच दिली,
कारण माझ्या ओगानं माझ्याशी तसंच केलेलं
आणि मला दुसरं काही येत नाही.
पुढं पुढं तर बेअरिंग नुसतं तळहातावर तोलून
सांगायचा, कुठल्या मोटरसायकलचं.

लागोसहून बँकेचा एक टायवाला आला फॉर्म घेऊन.
तारण काय? जामीन कोण?
आणि स्वतःच्या गिऱ्हाइकांची यादी
तुम्ही त्याला का देताय?
म्हटलं, नुसत्या पैशावर कुणी उभं राहतं का?
हे कुठल्या रकान्यात लिहावं, त्याला कळेना.
मलाही. कोला फोडून अर्धा त्याला दिला.
कडू तोंडानं गिळला बिचाऱ्यानं.

शनिवारी गावचे चार म्हातारे बसवले,
त्यांच्यादेखत भांडवल मोजून दिलं.
घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली,
"समोरच? निदान एखादी गल्ली सोडून..."

सकाळी पहिलं गिऱ्हाईक माझ्या दारात. क्लच प्लेट हवी.
माझ्या डोक्यामागं सहा टांगलेल्या.
"संपल्या," म्हणालो. "समोर बघ."

झाली त्याची बोहनी.
नोट उजेडात धरून पाहिली त्यानं,
मी शिकवलेलं तसं, दोन्ही बाजूंनी.

आता खरं सांगतो.
दुपारी कळलं, पोरानं ती प्लेट
माझ्या भावापेक्षा दोनशेनं कमी लावली.
घास घशाखाली उतरेना.
माझ्याच सावलीत, माझ्याच गिऱ्हाइकाला!
मग आठवलं माझं पहिलं शटर,
आणि समोर माझा ओगा,
ताटातलं याम थंड करत बसलेला.
मी तर निम्म्या भावात विकलं होतं.

संध्याकाळी एक बाई येऊन उभी राहिली,
तिच्यामागं मिसरूड न फुटलेला मुलगा,
प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून.
नाव विचारलं, त्यानं जमिनीलाच सांगितलं.
"झाडू घे," म्हणालो.
तो इकडंतिकडं बघत राहिला.

समोरून, गिऱ्हाइकावरची नजर न हलवता,
ओबियाजुलु ओरडला,
"दाराच्या मागं!"