चारशे दहा

तुर्कूच्या धक्क्यावर, बोटींच्या तिकीटघराच्या माळ्यावर
केर्त्तू मला आकडे शिकवते.
दुपारी तीनलाच बाहेर काळोख. आत सर्व्हरची घरघर.

"चारशे एक म्हणजे, आधी सांग तू कोण.
चारशे तीन म्हणजे, कळलं कोण ते, तरीही नाही.
दार दोन्हीकडे बंदच,
पण पहिल्यापाशी किल्ली शोधावी,
दुसऱ्यावर डोकं आपटू नये."

पाचशे आलं की ती स्वतःच्या कपाळावर हात मारते.
पाचशे तीनला कॉफी ओतते:
"दमलंय बिचारं. जरा वेळाने ये म्हणतंय."

सोमवारी लेप्पाकारी बेटाची बोट कायमची बंद झाली.
मी पान पुसलं. सर्व्हर म्हणू लागला, चारशे चार.
साहेब म्हणाले, दोनशेच राहू दे,
आत बारीक अक्षरांत 'क्षमस्व' लिही.

केर्त्तू खुर्चीसकट वळली.
"या बसा म्हणायचं आणि पुढ्यात रिकामं ताट?
आणि चारशे चार म्हणजे नुसते खांदे उडवणं.
सापडत नाही. असेलही. उद्या बघा.
माणसं खरंच उद्या बघतात रे."
तिनेच टाइप केलं: चारशे दहा.
होतं. आता नाही. आम्हाला ठाऊक आहे.

रात्री नोंदींत दिसलं, बेटावरून कुणीतरी
तीच वेळ तीनदा विचारली.
मग थांबलं.

कोट चढवताना मी सहज विचारलं,
तुझा भाऊ ट्रोम्सोहून आला का?
"तीनशे दोन," ती म्हणाली. "तात्पुरता तिकडे.
तेरा वर्षं झाली."
आणि बटण लावता लावता,
"तीनशे एक लिहायला हवं.
हात धजत नाही."