खर्चाचं हेड

फ्लेक्सचे साडेचार हजार,
हलगीवाल्यांचे दोन,
पाहुण्यांचे फेटे, शाल, नारळ,
ड्रोनवाल्याचे वेगळे.
व्हाउचरं सगळी मीच फाडली,
रेव्हेन्यू तिकिटं थुंकी लावून मीच चिकटवली.

फ्लेक्सवर मधोमध सोहेल शिकलगार,
आडवा, हवेत,
पेनल्टी अडवताना.

पहाटे चारला तो गंगावेशीत
म्हशी पिळत असतो,
गिऱ्हाइकाच्या पुढ्यात पेल्याला फेस आणत.
दुपारी त्याच बोटांवर ग्लोव्हज,
डाव्याचा अंगठा फेविक्विकनं धरलेला.

मीटिंगमध्ये एकदा बोलून बघितलं,
पोराला महिन्याला काही देता येईल का.
प्राचार्य म्हणाले, पैसा शिरला की खेळ नासतो, चौगुले.
चहा आला. बिस्किटं क्रीडानिधीतली.
कोणीतरी म्हणालं, आणि टाकणार कुठल्या हेडखाली?

तेही खरंच. रात्री वही चाळली.
गवत कापायचं हेड आहे,
जाळीचं आहे,
चुन्याच्या रेघांचंसुद्धा आहे.
रेघांच्या आत जो पडतो, उठतो,
त्याचं नाही.

काल तो खिडकीशी आला.
मॅचच्या दिवसांची गैरहजेरी,
दंड एकशे ऐंशी,
भरल्याशिवाय हॉल तिकीट नाही.
दहा-दहाच्या नोटा, दुधाचा वास.
त्याचं नाव पहिल्यांदाच वहीत उतरलं,
जमेच्या बाजूला.

"बरोबर हाईत न्हवं, सर?"
असं म्हणत पावती खिशात कोंबून
पळालासुद्धा, प्रॅक्टिसला.

मग मोजल्या.
एकोणीस निघाल्या.
तेवढी एक नोट
अजून पेपरवेटखाली आहे.
कुठल्या हेडखाली टाकू?