नोकरनामा

डॉक्टर पोतनीस गेले त्याच महिन्यात
त्यांच्या सुनेने दवाखान्याचा गाळा
केकवाल्याला दिला.
मला मिळाली पगाराची दोन पाकिटं
आणि औंस-ग्लास, मी मागून घेतलेला,
कडेला टवका उडालेला.

सत्तावीस वर्षं, घोडपदेवला,
लाकडी खिडकीच्या आत उभा.
तांबडं मिक्श्चर, पांढरं मिक्श्चर,
बाटलीवर कात्रीने दाते पाडलेली कागदाची पट्टी,
एक दाता म्हणजे एक डोस.
बायकोशी बोललो नसेन इतक्या वेळा
लोकांना म्हणालो असेन,
हलवून घ्या.

मेडिकलवाले म्हणाले, डिप्लोमा?
नर्सिंग होमवाले म्हणाले, वय?
ऋजुताने मोबाइलवर जाहिरात दाखवली,
बारटेंडर पाहिजे, लोअर परळ.
दाखवताना हसली,
मग माझ्याकडे बघून हसायची थांबली.

गेलो. शर्टाला कडक इस्त्री.
काळ्या कपड्यांतला पोरगा म्हणाला, अंकल, फ्लेअर येतं?
आणि बाटली हवेत भिरकावून कोपरावर झेलली.
मी म्हणालो, बाटली पडू नये
याचाच तर पगार घेत आलो.
त्याने पाणी दिलं, बर्फ घातलेलं,
वर पुदिन्याचं एक पान.
पाणी चांगलं होतं.

मग रे रोडची परमिट रूम.
गल्ल्यावर कोटियनशेठ, समोर उदबत्ती,
मागे भिंतभर बाटल्या.
पितोस?
नाही.
कधीच?
खोकल्याचं औषधसुद्धा चाखलं नाही, शेठ.
त्याने माप उचलून खिशात टाकलं.
ओत, म्हणाला. साठ. अंदाजाने.
मी ग्लास डोळ्यांसमोर धरला,
जसा धरतात, खालच्या रेषेवर नजर ठेवून,
आणि ओतलं.
त्याने ते परत मापात ओतून पाहिलं.
काठाशी आलं, थरथरलं,
सांडलं नाही.
आतल्या पोराला तो तुळूत काहीतरी बोलला.
पोरगा मोरीतून बाहेर येऊन मला बघून गेला.
सोमवारी ड्राय डे आहे, मंगळवारपासून ये.
आधी नोकरनामा काढ.

एक्साइजच्या ऑफिसात दोन फोटो, आधार, अर्ज.
पूर्वीचा अनुभव, या रकान्यात
मी लिहिलं: मिक्श्चर.
हे काय? क्लार्कने विचारलं.
म्हटलं, तेच काम. फक्त आमच्याकडे लोक
तोंड वाकडं करून घ्यायचे.
इथेही तसंच घेतात, म्हणाला,
आणि शिक्का मारला. थोडा तिरका बसला.

तिसऱ्या आठवड्यात गजाबा सोनवडेकर आला.
गोदीतला. मी त्याचा केसपेपर ओळखतो,
चेहऱ्याच्या आधी.
दोनदा कावीळ.
यकृत बरगडीखाली दोन बोटं,
डॉक्टरांचं अक्षर फक्त मला लागायचं.
कंपाउंडर! तो ओरडला, तुम्ही हिकडं?
आणि ग्लास पुढे करून,
जेवणाआधी घ्यायचं का जेवल्यावर?
अख्खं टेबल हसलं. मीही हसलो.
तीस दिलं, मापात. सोडा काठोकाठ.

दुसऱ्याला म्हटलं, संपली.
माझ्या पाठीमागे त्याच्याच ब्रँडच्या
अकरा भरलेल्या बाटल्या.
त्याने त्या बघितल्या. मग मला बघितलं.
शेंगदाणे मुठीत घेतले, टोपी घातली,
पैसे मोजून ठेवले आणि गेला.
कुठे गेला असेल ते मला ठाऊक आहे,
पुढच्याच नाक्यावर आणखी एक पाटी आहे.

कोटियनशेठ उदबत्तीची राख झटकत होता.
काही बोलला नाही.
पगारातून एक पेग कापला.
हिशेब बरोबर होता.

रात्री दीडला नलूने दार उघडलं.
साबणाने दोनदा धुतलेला माझा हात
नाकाशी नेला, जरा वेळ धरून ठेवला.
झोपेतच असावी.
म्हणाली,
गर्दी होती का आज दवाखान्यात?