पाकीट क्रमांक सतरा

हुनिनच्या पठारावर, चार हजार मीटर उंचीवर,
रक्तसुद्धा नळीत उतरायला वेळ घेतं.
तेओदोसिया वायनाते बाही वर करते,
मोकळ्या हाताने मेंढीला दटावते.

बारा आठवडे. चार नळ्या.
इस्ट्रोजेन होतं तिथेच.
एफएसएच होतं तिथेच.
"आणि झोप?"
"लागते की. अंगातून जाळ उठायचा, तोही निवला."

मी रकान्यात लिहिते : सुधारणा.
आज यादी उघडायची मुभा आहे.
सतरा : नुसतं जवाचं पीठ.

ती खो खो हसते.
"पहिल्याच चमच्याला कळलं, बाई.
माकाचा कंद जिभेला टोचतो जरासा.
तुमचं पाकीट कोंबड्यांना घातलं,
मी आपली पोत्यातलाच खात राहिले
दुधात शिजवून, आई खायची तसा."

म्हणजे सतरा नंबर वगळावा लागणार.
कोंबड्यांसाठी रकाना नाही.

परतताना जीपच्या टपावर गारा,
आणि माझ्या मानेवरून तोच जाळ वर चढतो.
एकोणपन्नासावं सरतंय. मी काच खाली करते.

मांडीवर तिने दिलेलं गाठोडं,
सुकलेले, सुरकुतलेले कंद.
पुरावा नाही, हे मीच लिहिणार आहे उद्या.
एक नखाने खरवडते,
जिभेवर ठेवते.

टोचतो. जरासा.