सतरावी पातळी

गुरुवारी रात्री खेळ बाजारात सोडला
आणि झोपलोच नाही.
निझवाच्या दवाखान्यात दिवसभर मी लोकांची हाडं बघतो,
श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा,
आणि दोन वर्षं रात्री हे एकच:
एक फलज, म्हणजे डोंगरातून येणारा दगडी पाट,
अठ्ठावीस खजुरी,
पाणी एका वेळी एकीकडेच जाणार.
बोटानं फळी सरकवायची, दारं धरायचं,
घड्याळ संपायच्या आत सगळी झाडं भिजवायची.
नाव ठेवलं होतं 'पाळी'.
बहीण सांगलीहून फोनवर इतकी हसली
की रातोरात 'बारं' केलं.

रविवारपर्यंत एक्केचाळीस जणांनी घेतला.
एकानं एक तारा दिला. शब्द एकही नाही.
त्या एका ताऱ्याखाली मी दोन दिवस राहिलो.
जो समोर येईल, वाटायचं, हाच असेल.
मनगट मोडलेला तो पोरगा?
पण त्याला तर खेळताच येणार नाही.

मारिसेल सिस्टर म्हणाली, छान आहे,
आणि नवव्या पातळीवर काय झालं विचारलं
तर कुणाचा तरी रक्तदाब घ्यायला निघून गेली.
'बरं आहे' म्हणणाऱ्या पेशंटला
नेमकं कुठे दाबायचं ते कळत नाही.

मुनाफ परकार, दापोलीचा, पाण्याचा टँकर चालवतो.
भरायच्या रांगेत तासभर उभा, तेवढ्यात खेळला.
"ह्यो लाल दिवा कशाला?
चुकलो ते कळतंय की मला. वरडतोस कशाला?
आनि पाणी दिलं तरी झाड काय बोलतच नाय.
मी टाकी भरली की माणूस निदान हात तरी हलवतो."
मी वहीत उतरवून घेतलं.
म्हटलं, मुनाफभाई, सतराव्या पातळीचं काय?
"ती सोड. तिथं तूच अडकलेला दिसतोस."

बुधवारी आकड्यांत एक विचित्र ओळ.
सतरावी पातळी, सरावाचा भाग, जिथं घड्याळ नाही.
कुणीतरी पहिली फळी उचलली,
मग अर्धा तास स्पर्श नाही.
मग दुसरी.
पुन्हा अर्धा तास.
मला वाटलं, खेळ गोठला.
रात्रभर कोड उलटंपालटं केलं, चूक सापडेना.

गेटवरचा सुलैम सकाळी म्हणाला, ते माझे वडील.
हमूद बिन खल्फान, नव्वदीला टेकलेले.
चाळीस वर्षं गावच्या फलजचा हिशेब त्यांच्याकडे,
दिवसा काठीच्या सावलीवर, रात्री चांदण्यांवर.
"मी म्हटलं, बाबा, पुढचं दाबा.
म्हणाले, थांब, याचं पाणी अजून संपलेलं नाही."

मी कसनुसा हसलो.
कुणाचं पाणी, हे दोन वर्षांत मला विचारावंसं वाटलं नव्हतं.
किती झटकन वळवता येईल, एवढंच बघत होतो.

"आणि निरोप दिलाय," सुलैम म्हणाला,
"आधी प्यायचं पाणी काढतात, मग शेतीचं.
तुझ्या गावात माणसं कुठे पितात?"

अठ्ठावीस झाडं.
घर एकही काढलं नव्हतं.
तो तारा त्यांचाच का, हे मी विचारलं नाही.

शुक्रवारी पहाटे फलजच्या काठावर मोबाईल ठेवून बसलो.
पाणी इतकं हळू जातं
की आवाजपट्टीवर फक्त माझा श्वास उमटत होता.
धरून ठेवला.
मग आलं.

नवी आवृत्ती. बदल पुढीलप्रमाणे:
लाल दिवा काढला.
पाणी पोचलं की झावळी हलते.
पहिल्या दारापाशी घागर आहे, ती भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही.
सतराव्या पातळीला घड्याळ नाही.

मारिसेल म्हणते, आता फार हळू झालाय.
मुनाफ म्हणतो, घागरीच्या जागी टँकर चालला असता,
पन ठीकाय.